सातवं भोक

कळव्याच्या इस्पितळासमोर औषधांच्या दुकानांची रांग,
त्यात सगळ्यात अरुंद गाळा माझा.
कुबड्या, टाचेचे तुकडे, मानेचे पट्टे.
वडील याच रस्त्यावर चपला शिवायचे.
आरी तीच आहे, मूठ दोनदा बदलली.

सुगंधा केणी आल्या भर दुपारी, विटाव्याहून चालत.
म्हणाल्या, कंबरपट्टा दे, स्वस्तातला.
रबाळ्याच्या कॅन्टीनला रोज तीनशे पोळ्या लाटते,
त्यानंच धरलीय पाठ.
घरचे म्हणतात वय झालं.
वय एक्केचाळीस.

टेप टाकली, पण मी मोजतो अंगठ्यानं:
मानेपासून खाली, एकेक मणका,
काळोखात जिना उतरावा तसा.
बरगड्या संपतात तिथं एक पायरी वर आलेली.
मी थांबलो.
त्या ओरडल्या नाहीत,
फक्त काउंटरची कड धरली.

आडवं पडल्यावर थांबतं?
छे, रात्रीच जास्त.
संध्याकाळी अंग कोमट लागतं?
भट्टीपाशी कुणाचं नाही लागत?
ब्लाउज सैल झालेत?
हसल्या. दोनदा आत घेतले, म्हणाल्या.
खोकला?
नावाला नाही.

मी डॉक्टर नाही.
पण समोरच्या इमारतीतून बावीस वर्षं
माझ्याकडे पाठी येतात.
पट्टा खाली ठेवला. म्हटलं, हा विकणार नाही.
दोनशे रुपये बटव्यात कोंबत त्या म्हणाल्या,
गिऱ्हाईक हाकलायचं तर दुकान कशाला मांडलंस?
खरंच होतं. भाडं थकलं होतं दोन महिन्यांचं.
शटर अर्धं ओढलं
आणि केसपेपरच्या खिडकीपर्यंत सोबत गेलो.

एकोणीस दिवसांनी कागद घेऊन आल्या.
मधल्या काळात फोटो, मोठ्या मशीनचा बोगदा,
पाठीतून सुईनं काढलेला हाडाचा कण
आणि त्या कणाचा निकाल: टीबी.
फुप्फुस चांगलंय म्हणे, मग हाडात कुठून शिरला?
सासूनं ताट वेगळं मांडलंय माझं.
म्हटलं, पुढच्या तारखेला सासूलाच आणा,
डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

पोलादाच्या दोन पट्ट्या, आतून फेल्ट, खांद्यावर कॅनव्हास.
पट्ट्याला सहा भोकं असतात.
त्यांना सहावंही सैल.
पंच ठेवला, हातोडी मारली,
आत सातवं पाडलं.

मग महिने.
लघवी केशरी झाली म्हणून घाबरून आल्या.
गोळ्यांनी मळमळतं, पिठाचा वाससुद्धा नको वाटतो.
डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको सध्या,
पण पायाला मुंग्या आल्या, पाय जड झाला
तर त्याच दिवशी यायचं, तारखेची वाट नाही बघायची.
पाचव्या महिन्यात आल्या त्या ताठ चालत:
दुखणं गेलं रे. गोळ्या बंद केल्या, आठ दिवस झाले.

काय सांगणार होतो मी?
एक चप्पल घेतली हातात.
सोल्यूशन लावलेली, सकाळचीच.
वरून दाबा, म्हटलं. सुकलंय?
सुकलंय.
तळ थोडा उचकटला. आत ओलं, तार धरणारं.
हे सुकायच्या आत पायात घातली
तर दुसऱ्यांदा चिकटताना जास्त त्रास देते.
चपलेकडे बराच वेळ बघत राहिल्या.
मग रस्ता ओलांडून इस्पितळात गेल्या,
गाडी येतेय का तेही न बघता.

सहावं भोक गणपतीत.
पाचवं थंडीत.
चौथ्याला आल्या तेव्हा म्हणाल्या,
सासू आता तूप वाढते, न मागता.
दीड वर्षानं डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या,
त्यांनी, सुगंधाबाईंनी नाही.

शेवटचं माप घेतलं. अंगठा उतरला.
पायरी तिथंच आहे, राहणारच.
पण आता दाबली तरी काउंटर कुणी धरत नाही.
पट्टा परत ठेवून घेतला.
सातव्या भोकाच्या कडेला धागे सुटलेले.

जाता जाता बटवा उघडला, दोनशे रुपये काढले.
आता दे तो स्वस्तातला.
नणंदेची पाठ दुखतेय दिवाळीपासून.

म्हटलं, नणंदेला घेऊन या.